पासवर्ड परत मिळाला, पण खातं?

ईमेल हॅक झाल्याची बातमी बहुतेकांना दुसऱ्याकडूनच कळते. चुलतभाऊ फोन करून विचारतो, ‘काय रे, अचानक पंचवीस हजारांची नड कसली पडली? सकाळी मेल आला तुझा.’ किंवा फोन आपोआप खात्यातून बाहेर पडतो आणि रोजचाच पासवर्ड टाकला तरी ‘चुकीचा आहे’ म्हणतो. आदल्या रात्री दीडच्या सुमाराला ‘तुमचा रिकव्हरी नंबर बदलला आहे’ असा इंग्रजी संदेश येऊन गेलेला असतो, पण जाहिरातींच्या ढिगात तो कोणी वाचलेला नसतो.

मग पासवर्ड बदलण्याची धावपळ सुरू होते, आणि ती रास्तच आहे. अडचण पुढे होते. इनबॉक्स पुन्हा दिसला की माणूस ‘सुटलो एकदाचा’ म्हणतो आणि थांबतो. जमिनीचा ताबा परत मिळाला तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात मधल्या काळात कोणाचं नाव चढलंय का, हे शहाणा माणूस बघून घेतो. ईमेलचंही तेच आहे. खात्यात दोन तास काढलेला चोर पासवर्ड गेला तरी टिकतील अशा चार सोयी करून ठेवतो, आणि त्या शोधून काढल्याशिवाय खातं तुमचं झालं असं म्हणता येत नाही.

इथे उदाहरण जीमेलचं घेतलंय, कारण आपल्याकडे अँड्रॉइड फोनबरोबर ते घरोघर पोचलेलं आहे. याहू किंवा आउटलुकवर बटणांची नावं वेगळी असतील, पण कामाचा क्रम हाच.

आधी पैसे, मग पासवर्ड

बँकेतून रक्कम गेल्याचं दिसत असेल तर ईमेल बाजूला ठेवा आणि १९३० या क्रमांकावर फोन करा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची ही देशभराची हेल्पलाइन आहे. तुमची तक्रार नोंदली की गेलेली रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंत ती अडवण्याचा प्रयत्न होतो, त्यामुळे इथे वेळ फार महत्त्वाचा. त्याच दमात बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी उशीर महागच.

दुसरी नजर फोनच्या रेंजवर टाका. घरातल्या बाकीच्यांच्या त्याच कंपनीच्या सिमला रेंज आहे आणि तुमच्याच फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसतंय, तर तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणीतरी काढलेलं असू शकतं. अशा वेळी ईमेलशी झटापट करत बसू नका, कारण ओटीपी त्याच्याकडे जात राहणार. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला कळवून नंबर बंद करून घ्या, आणि ओळखपत्र घेऊन गॅलरी गाठा.

तिसरं काम दोन मिनिटांचं. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका: ‘माझं ईमेल हॅक झालंय, माझ्या नावाने पैसे किंवा ओटीपी मागणारा मेल आला तर देऊ नका.’ लोक इथे लाजतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

खातं मागताना

आता रिकव्हरी. त्यासाठीचा पत्ता एकच: अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम वर जाऊन ‘फरगॉट पासवर्ड’ दाबा, किंवा ब्राउझरच्या पट्टीत स्वतःच्या हाताने ‘जी डॉट सीओ स्लॅश रिकव्हर’ टाइप करा. ‘जीमेल कस्टमर केअर नंबर’ असं सर्चमध्ये टाकू नका. मोफतच्या जीमेल खात्याचा पासवर्ड फोनवर बोलून काढून देणारी माणसं गूगलने ठेवलेली नाहीत, आणि अशी सेवा देतो म्हणणाऱ्या कोणाशीही आपला संबंध नाही असं गूगल स्वतः सांगतं. त्या सर्चमधून मिळणाऱ्या नंबरवर गोड आवाजात बोलणारा माणूस पाचव्या मिनिटाला तुमच्या फोनवर स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावतो. इन्स्टाग्रामवरचे ‘खातं परत मिळवून देतो, आधी तीन हजार’वाले ‘एथिकल हॅकर’ही याच माळेचे मणी. एकदा लुबाडलेला माणूस घाबरलेला असतो आणि पुन्हा लुबाडायला सोपा जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

रिकव्हरीच्या पानामागे माणूस बसलेला नाही, यंत्रणा आहे. ती तुम्हाला चेहऱ्याने ओळखत नाही, सवयीने ओळखते. म्हणून जो फोन किंवा संगणक तुम्ही नेहमी वापरता तोच घ्या, ब्राउझर नेहमीचा, जागा घर किंवा ऑफिस आणि वायफायही तिथलंच. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या नव्या लॅपटॉपवर हे करायला गेलात तर यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही आणि चोर सारखेच अनोळखी.

आईवडील साताऱ्यात आणि मुलगा न्यू जर्सीत असेल, तर मुलगा तिकडे बसून स्वतःच्या लॅपटॉपवरून बाबांचं खातं सोडवायला बघतो. हेतू चांगला, पण अमेरिकेतून, अनोळखी यंत्रावरून आलेली मागणी यंत्रणेला संशयास्पदच वाटणार. व्हिडिओ कॉलवर बसून बाबांकडून त्यांच्याच फोनवर एकेक पायरी करून घ्यावी. चिडचिड होईल, वेळ लागेल, पण काम होण्याची शक्यता तशीच जास्त.

यंत्रणा शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारते. आताचा चोराने बदललेला आहे, म्हणून ‘माहीत नाही’ म्हणून पुढे जाऊ नका. जुना, त्याच्याही आधीचा, जो आठवेल तो द्या. प्रश्न टाळण्यापेक्षा अंदाजाने का होईना, उत्तर दिलेलं बरं.

आता सगळ्यांत उपयोगाची आणि फारशा कोणाला माहीत नसलेली गोष्ट. चोराने रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल बदललं, तरी पुढचे ७ दिवस गूगल जुन्या नंबरवर किंवा जुन्या ईमेलवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. तेव्हा ‘त्याने नंबरच बदललाय, आता काय उपयोग’ म्हणून आठवडा घालवू नका. पर्याय समोर दिसला नाही तर ‘ट्राय अनदर वे’ दाबून बघा. मागणी केल्यावर कधी काही तास, कधी काही दिवस थांबायला सांगतात. तेवढं थांबा. दर दहा मिनिटांनी नवी मागणी टाकल्याने काम लवकर होत नाही. गूगलचं उत्तर स्पॅममध्ये जाऊन पडलेलं नाही ना, तेवढं मात्र बघत राहा.

खातं कंपनीचं किंवा कॉलेजचं असेल तर हा सगळा खटाटोप नको; तिथल्या अॅडमिनला सांगा, तो पासवर्ड बदलून देऊ शकतो. आउटलुकवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. खात्याची सगळी सुरक्षा माहिती एकदम बदलली तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवसांची वाट बघायला लावतं. ती मागणी तुम्ही केलेली नसेल तर तेवढ्या मुदतीत ती रद्द करून घ्या.

आत शिरल्यावर

पासवर्ड बदलून आत गेलात की फोन खाली ठेवा आणि संगणकासमोर बसा. संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडून ‘डेस्कटॉप साइट’वर खूण करा. जीमेलच्या मोबाइल अॅपमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंगची सेटिंग दिसतच नाहीत. फोनवरच सगळा कारभार करणाऱ्या माणसाला चोराची करामत महिनोन्महिने कळत नाही ती यामुळेच.

इचलकरंजीच्या ओळखीतल्या एका कापड व्यापाऱ्याचं प्रकरण सांगतो. खातं परत आलं, पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणीही लावली. तरी मुंबईचा एक जुना गिऱ्हाईक म्हणे, ‘शेठ, तुमच्या नव्या खात्यात पैसे भरले की परवाच.’ शेठनी नवं खातं कधी काढलंच नव्हतं, आणि त्या गिऱ्हाइकाचे मेलही त्यांना अलीकडे दिसत नव्हते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सी ऑल सेटिंग्ज’, तिथून ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस’ उघडलं तर एकच ओळ होती. मेलमध्ये ‘पेमेंट’ किंवा ‘इनव्हॉइस’ हे शब्द असले तर इनबॉक्समध्ये आणू नकोस, वाचलेलं असल्याची खूण कर आणि एका अमुक पत्त्यावर पुढे पाठव. म्हणजे पैशाविषयीचं प्रत्येक पत्र चोराकडे पोचत होतं आणि शेठच्या डोळ्यांआड होत होतं. चोर ते वाचून, जवळजवळ तसाच दिसणाऱ्या पत्त्यावरून, एका अक्षराच्या फरकाने, ‘आमचं बँक खातं बदललंय’ असं गिऱ्हाइकाला कळवत होता. पासवर्डची त्याला आता गरजच उरली नव्हती.

अशी ओळ सापडली की हात लगेच ‘डिलीट’कडे जातो. आधी स्क्रीनशॉट काढा. पुढे पोलिसांकडे जायचं तर पुरावा तोच आहे. मग पुसा.

शेजारच्या ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ टॅबमध्ये अनोळखी पत्ता असेल तर काढा. ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’मध्ये तीन जागा बघायच्या. ‘सेंड मेल अॅज’ इथे ‘एडिट इन्फो’ दाबलं की ‘रिप्लाय-टू’ पत्ता दिसतो. तो चोराचा असला तर तुम्ही पाठवलेल्या मेलला लोकांनी दिलेलं उत्तर थेट त्याच्याकडे जातं. ‘ग्रँट अॅक्सेस टु युअर अकाउंट’ इथे दुसऱ्या कोणाला तुमचं खातं वाचायला दिलेलं नाही ना, ते बघा. ही सोय साहेबांच्या सेक्रेटरीसाठी आहे, पण चोरालाही चालते. तिसरी जागा ‘चेक मेल फ्रॉम अदर अकाउंट्स’, तुमच्या खात्यात ती अजून दिसत असेल तर. मेलखालची सही आणि सुट्टीवर असल्याचा आपोआप जाणारा संदेश यांवरही ओझरती नजर टाका.

इनबॉक्सच्या पानावर अगदी खाली उजवीकडे बारीक अक्षरांत ‘डिटेल्स’ असतं. ते दाबलं की अलीकडे कुठून, कोणत्या प्रकारे, कोणत्या आयपी पत्त्यावरून खातं उघडलं गेलं याचा तक्ता येतो. याचाही स्क्रीनशॉट हवा.

त्यानंतर गूगल खात्याचं ‘सिक्युरिटी’ पान. ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये जे यंत्र ओळखीचं नाही ते बाहेर काढा. रिकव्हरी नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत ना? चोराने स्वतःची पासकी किंवा स्वतःचं ऑथेंटिकेटर जोडून ठेवलं असेल तर ते काढून टाका. बॅकअप कोडचा नवा संच तयार करा म्हणजे त्याने उतरवून घेतलेला जुना संच बाद होतो. खात्याशी जोडलेली अॅपं आणि वेबसाइटही चाळा. ‘तुमचा मागचा जन्म’ सांगणाऱ्या कुठल्याशा अॅपला तुम्हीच मागे कधी परवानगी दिलेली असेल, तिलाही आता निरोप द्या.

मेल उडवलेले असतील तर ‘बिन’मध्ये ते ३० दिवस राहतात. तेही रिकामं केलं असेल तर गूगलच्या मदतकेंद्रात हरवलेले मेल परत मागण्याची सोय आहे. मिळतीलच असं नाही, पण मागणी लगेच करावी. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये ‘अनडू चेंजेस’ने गेल्या ३० दिवसांतल्या कोणत्याही वेळची यादी परत आणता येते.

तो आत कसा आला

हे न शोधता केलेली दुरुस्ती वाया जाते. बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण निघतं.

पहिलं, एकच पासवर्ड सगळीकडे. २०१३ साली याहूवर दरोडा पडला, आणि त्यात झाडून सगळी, म्हणजे सुमारे ३०० कोटी खाती सापडल्याचं कंपनीने २०१७ मध्ये मान्य केलं. लिंक्डइनचे २०१२ मध्ये चोरीला गेलेले पासवर्ड २०१६ मध्ये बाजारात विकायला आले. अशा याद्या घेऊन चोर तेच नाव, तोच पासवर्ड जीमेलवर, बँकेवर, खरेदीच्या साइटवर आजमावत बसतो. तुमचा पत्ता अशा एखाद्या चोरीत आहे का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या ट्रॉय हंट यांच्या साइटवर फुकट बघता येतं.

दुसरं, खोट्या पानावर स्वतःच्या हाताने टाकलेला पासवर्ड. भल्याभल्यांचं यात काय होतं याचा नमुना अमेरिकेत मिळाला. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर ‘तुमचा पासवर्ड कोणाकडे तरी आहे, लगेच बदला’ असा गूगलच्या थाटाचा मेल आला. ऑफिसातल्या तंत्रज्ञाला विचारलं, तर त्याने मेल खरा असल्याचं कळवलं. मेल खोटा म्हणायचं होतं, टाइप करताना शब्द चुकला, असं तो पुढे म्हणाला. गंमत म्हणजे त्याने त्याच उत्तरात पासवर्ड बदलण्याचा गूगलचा खरा पत्ताही दिला होता. दाबली गेली ती मात्र मूळ मेलमधली लिंक. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पोडेस्टा यांचे हजारो मेल विकिलीक्सवर जगाने वाचले. म्हणून ‘पासवर्ड बदला’ सांगणारा मेल खरा असो की खोटा, त्यातली लिंक दाबायचीच नाही. ब्राउझर उघडायचा, पत्ता स्वतः टाइप करायचा आणि आत जाऊन बघायचं.

तिसरं कारण वाढत चाललंय. फुकटात मिळवलेलं महागडं सॉफ्टवेअर, क्रॅक केलेला गेम किंवा ‘आमच्या ब्रँडची जाहिरात कराल का’ म्हणून आलेली फाइल उघडली, की संगणकात एक छोटा प्रोग्रॅम शिरतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून नेतो. कुकी म्हणजे ‘हा माणूस आधीच लॉगिन झालेला आहे’ याची साइटने दिलेली चिठ्ठी. ती चोराच्या हाती पडली तर ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. यूट्यूब चॅनल चालवणाऱ्यांना २०१९ पासून असंच लुटलं जातंय, असं गूगलने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. मराठी रेसिपीचं किंवा शेतीचं चॅनल चालवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी. संशय असेल तर पासवर्ड त्या संगणकावर बदलूच नका. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर बदला, आणि संगणक महत्त्वाच्या फाइल काढून घेऊन नव्याने फॉरमॅट करा. अँटिव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही, एवढ्यावर मी तरी विसंबणार नाही.

मग बाकीची खाती

ईमेल हाती आलं की बाकी सगळ्या साइटवर ‘पासवर्ड विसरलो’ दाबता येतं. त्यामुळे बँक, शेअर ब्रोकर, आयकर पोर्टल, फेसबुक, इन्स्टाग्राम, खरेदीच्या साइट यांचे पासवर्ड बदला. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवत असाल तर तेही गूगल खात्यातच असू शकतात, म्हणजे ते सगळे गेले असं धरून चाला.

एक प्रयोग करा. स्वतःच्या मेलमध्ये चोर शोधेल ते शोधा: ‘आधार’, ‘पॅन’, ‘स्टेटमेंट’, ‘पासवर्ड’. झेरॉक्सवाल्याला कधीकाळी पाठवलेलं आधार कार्ड, गृहकर्जासाठी स्कॅन केलेली सगळी फाइल, बायकोचा पासपोर्ट, काय काय निघतं बघा. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याच्याकडे तुमचा मेलबॉक्स आहे त्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करून ठेवा. तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवता येतं. कामाची कागदपत्रं उतरवून घ्या आणि मेलमधून काढून टाका, ‘सेंट’मधूनही.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्यांना झेपेल असा उपाय म्हणजे पासकी. फोन जसा बोटाने किंवा चेहऱ्याने उघडता तसंच खातं उघडतं, आणि खोट्या साइटवर ती चालतच नाही. त्यानंतरचा नंबर ऑथेंटिकेटर अॅपचा. एसएमएसचा ओटीपी सगळ्यांत शेवटी, पण काहीच नसण्यापेक्षा तोही पुष्कळ बरा. बॅकअप कोड मिळतात १०, प्रत्येकी आठ आकडी, एकेकदाच चालणारे. ते कागदावर उतरवून पासबुकांच्या पिशवीत ठेवा. फोनमध्येच फोटो काढून ठेवलात तर फोन हरवेल त्या दिवशी नेमके ते हाताशी नसतील.

पत्रकार, कार्यकर्ते, निवडणूक लढवणारे यांच्यासाठी गूगलचा अॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन कार्यक्रम आहे. त्यात वावरणं जरा जाचाचं होतं, पण ज्यांच्या मागे कोणी हात धुऊन लागू शकतं त्यांनी तो घ्यावा.

पोलिसांकडे तक्रार पैसे गेले नसले तरी करावी. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (इंग्रजी ‘६६ सी’) खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. चोर सापडेलच याची हमी नाही. पण उद्या तुमच्या खात्यावरून किंवा तुमच्या आधारवर कोणी उद्योग केले, तर ‘अमुक तारखेला हे माझ्या हातात नव्हतं’ हे सांगायला कागद लागतो. काढलेले स्क्रीनशॉट तिथे जोडा.

आणि घरातल्या ज्येष्ठांची खाती आजच उघडून बघा. बाबांचं जीमेल पाचसात वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानातल्या पोराने काढून दिलेलं असतं, रिकव्हरीला जो नंबर दिला तो रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेला असतो. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो, म्हणजे बाबांच्या खात्याचा कोड आज गडहिंग्लजच्या किंवा गोंदियाच्या कोणा परक्या माणसाच्या फोनवर जाईल. तिथे त्यांचा चालू नंबर घाला, रिकव्हरी ईमेल म्हणून स्वतःचं द्या, आणि पासवर्ड दुकानातल्या पोराला माहीत असलेला तोच असेल तर तोही बदलून घ्या.